आगाऊ श्रद्धांजली

मेलेल्या माणसाने स्वतः दार उघडून आपल्याच नावाचं पुष्पचक्र हातात घ्यावं, असा प्रसंग या घराण्यावर आजवर आला नव्हता. त्या रविवारी तो सकाळपासून तीनदा आला. पहिलं पुष्पचक्र कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आणलं. दारात दादांना बघून तो पायरीवरच बसला. दादांनी त्याला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, वर फुलं ताजी आहेत म्हणून कौतुकही केलं. दुसरं आणणारी बाई फुलं उंबऱ्यावर टाकून पळाली. तिसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा दादांचा मुलगा उठायला लागला, तर दादा म्हणाले, "तू बस. लोक माझ्यासाठी आलेत, मला बघितल्याशिवाय का जावेत?"

पाळक बायकोला घेऊन साडेबाराला पोचला तेव्हा तिन्ही पुष्पचक्रं शिलाईच्या मशीनवर ओळीने मांडून ठेवली होती.

पाळक म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. तीस वर्षं तो त्या शहरातल्या एकाच चर्चचा पाळक होता, आणि त्यातली सव्वीस वर्षं रेडिओवर दर रविवारी सकाळी नऊला त्याचा कार्यक्रम लागत होता. कार्यक्रमाचं नाव ‘दोन शब्द’, आणि बोलणं अर्धा तास. चर्चच्या मागे गायनमंडळाचे झगे टांगायची खोली होती. तिच्या भिंतींना गाद्या ठोकून आणि दाराला काच बसवून त्याने तिथे स्टुडिओ केला होता. चर्चमध्ये दीडशे माणसं बसत, रेडिओसमोर किती बसत त्याला गणती नव्हती. अंथरुणाला खिळलेल्यांची पत्रं येत, रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांची येत, कधी चर्चची पायरी न चढलेल्यांचीही येत. पाळकाला ती पत्रं तोंडपाठ असायची. मंडळीतले टवाळ मात्र म्हणायचे, आपले पाळकसाहेब कुणाच्या घरी येत नाहीत, पण रेडिओ लावला की लगेच येतात.

घडलं होतं ते असं. रेडिओ केंद्राला कार्यक्रम दहा दिवस आधी लागे, वर तारीख घालून. त्या तारखेला तिथली यंत्रणा तो आपोआप लावे. दादा इस्पितळात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. फार तर दोन दिवस, असं म्हणाले होते. त्याच गुरुवारी पाळक स्टुडिओत बसला आणि गहिवरल्या आवाजात त्याने दादांवर अर्धा तास रेकॉर्ड केला. दहा दिवसांनी दफनविधी उरकलेला असेल, या हिशेबाने त्याने तारीख घातली आणि कार्यक्रम पाठवून दिला. शनिवारी दादांनी डोळे उघडले. पुढच्या बुधवारी ते घरी आले. पाळकाने चर्चमध्ये गुडघे टेकून सगळ्या मंडळीसमोर देवाचे आभार मानले. केंद्राला एक फोन करायचा तेवढा राहिला.

आज नऊ वाजता तो पुलपीटवर उभा राहून उपदेश करत होता आणि त्याच वेळी त्याचाच आवाज शहरभर दादांना अखेरचा निरोप देत होता. एकाच वेळी दोन ठिकाणी बोलता यावं, ही त्याची जन्माची हौस. ती आज फिटली.

"या, पाळकसाहेब, बसा," दादा म्हणाले.

अकरा वर्षं ते त्याला ‘पाळकसाहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणत होते. धाकट्या भावाला असा मान देणारा थोरला भाऊ बाहेरच्यांना फार सभ्य वाटे. घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की ती शिक्षा आहे.

पाळक मशीनपासून लांबची खुर्ची बघून बसला. दादा आजारात निम्मे झाले होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या शिंप्याला आपला सदरा बेतात करून घ्यायला अजून वेळ मिळाला नव्हता. खोलीत आणखी दोघं होती. ताई, या दोघांमधली बहीण, इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. आणि दादांचा मुलगा, शाळेत शिकवणारा, ज्याला घरचेही मास्तरच म्हणत.

"दादा, मला तोंड दाखवायला जागा नाही," पाळक म्हणाला.

"तोंड कशाला दाखवायचं? तुमचं काम आवाजावर भागतं," मास्तर म्हणाला.

"मास्तर, जरा दमानं," ताई मध्ये पडली. "चूक माझीपण आहे. डॉक्टरांचं ऐकून मीच याला सांगितलं, दोन दिवस काढतील तर पुष्कळ. चाळीस वर्षं माणसं जाताना बघितलेली मी. मला काय ठाऊक, हा आमचा दादा आम्हाला सगळ्यांना खोटं पाडणार!"

"आत्या, तू सांगितलंस म्हणून लगेच श्रद्धांजली? तुम्ही सगळे बाहेर बाकावर रडत होतात तेव्हा काका आत जाऊन माईक लावून बसले होते!"

"अरे, ज्याला जे येतं ते तो करतो. सुतार असता तर पेटी करायला बसला असता." मग ताई भावाकडे वळली. "पण तूही कमाल केलीस हं. वरातीमागून घोडं ऐकलं होतं. तू वरात निघायच्या आत घोडं पिटाळलंस!"

दादा हसले. हसताना त्यांना खोकला आला. पाळकाला वाटलं, निभावलं. ताई आपल्या बाजूने आहे, दादा हसताहेत. जेवणं होतील, आणि पुढे लग्नकार्यात सांगायला या घराला एक गोष्ट मिळेल. खरं म्हणजे तो तिथेच उठला असता तर बरं झालं असतं. पण ताईचं मन मोकळं झालं नव्हतं.

"एक मात्र सांगते, दादा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मी सकाळी एकटीच ऐकत होते. हा म्हणाला ना, की ‘शेवटच्या दिवसांत माझ्या भावाने माझा हात हातात घेतला आणि मला माफ केलं’, तिथे मला रडूच कोसळलं. अकरा वर्षं मी हेच मागत होते रे. तू याला माफ केलंस आणि मला सांगितलंही नाहीस?"

"मलाही आजच कळलं," दादा म्हणाले.

पाळकाने आपल्या बुटांकडे बघितलं. ते वाक्य लिहिताना त्याला खोटं वाटलं नव्हतं, आणि हेच त्याला आता सांगता येत नव्हतं. दादा बेशुद्ध होते, त्याने त्यांचा हात धरला होता, तो हात किंचित हलला होता. नळीतल्या औषधाने हलला असेल. पण स्टुडिओतला रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला, आणि हलण्याचं धरणं झालं, धरण्याचं माफ करणं झालं. कार्यक्रमाला शेवट लागतो. सव्वीस वर्षांत त्याने एकही कार्यक्रम शेवटाशिवाय सोडला नव्हता.

ताईने डोळे पुसले. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे तू ते बनवलंस?"

"ताई, मला वाटलं..."

"मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही, असंच ना? उचलली जीभ लावली टाळ्याला! अरे, माफी का कुणी अशी आपली आपण वाढून घेतं?"

ताई खुर्ची सरकवून भिंतीकडे तोंड करून बसली. एवढा वेळ त्याच्या बाजूने बोलणारी ती एकटीच होती. पाळकाने बायकोकडे पाहिलं, दादा जिला धाकटी म्हणत. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, या घरात ती नेहमी जिथे बसे तिथेच, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आणि मदत आली ती भलतीकडूनच.

"पण काका, आईबद्दल तुम्ही रेडिओवर जे बोललात ते मला नवीन होतं," मास्तर म्हणाला. त्याच्या आवाजातली धार गेली होती. "ती काजं करायला बसायची आणि तुमच्याकडून पेपर वाचून घ्यायची. तुम्ही पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावून बातम्या द्यायचात. आणि ती म्हणायची, आवाज आतल्या खोलीपर्यंत आला पाहिजे. हे खरं ना? की तेही...?"

"ते खरं आहे," पाळक म्हणाला. "तिची शपथ."

ते खरंच होतं. पाळकाची स्वतःची आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. वडीलही पाळक, मंडळीच्या कामात गुंतलेले, आणि दादांच्या नव्या नवरीने, म्हणजे वहिनीने, या पोराला आपल्या ताटात जेवायला घेतलं. त्याची पहिली श्रोती ती. पुढे तो पाळक झाला तेव्हा वडिलांना आनंद झाला, रेडिओवर बोलायला लागला तेव्हा वहिनीला. वडील म्हणाले होते, एक ना धड भाराभर चिंध्या होतील. वहिनी म्हणाली होती, शिंप्याच्या घरात चिंध्या वाया जात नाहीत.

"बाबा," मास्तर दादांना म्हणाला, "मला वाटतं आता पुरे झालं. आई गेली त्या दिवशी काका वेळेवर आले नाहीत, खरं आहे. आई सारखी विचारत होती, तेही खरं. पण निरोपच उशिरा मिळाला, त्याला ते काय करणार? चूक झाली ती फोन घेणाऱ्याची."

फोन घेणारी दाराजवळ बसली होती. तिच्या बोटाभोवतीचा पदर थांबला.

पाळकाच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्याने नंतरही कुणाला सांगितलं नाही. त्याच्या मनात आलं की गप्प बसावं. पुतण्या वकिली करतो आहे, दादा ऐकताहेत, ताई वळेल. अकरा वर्षं जे वाक्य पुरलं ते आणखी एक दुपार पुरेल. तो एवढा जवळ कधीच आला नव्हता. एक मान हलवायची होती.

दादा त्याच्याकडेच बघत होते. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "निरोप किती वाजता मिळाला होता?"

"दादा, ज्या घडीला माणूस कर्तव्याच्या..."

"हा आवाज नको. हा मी सकाळी ऐकला."

पाळकाने घसा साफ केला. बायकोने तोंड उघडलं, तर त्याने तिला हाताने थांबवलं. आयुष्यात प्रथमच तो तिला काही लपवण्यासाठी थांबवत नव्हता.

"अडीच वाजता," तो म्हणाला. "तुमचा फोन आला आणि ही तशीच पळत आली, चप्पलही न घालता. लाल दिवा लागला होता, म्हणून आत न येता काचेवर हात मारायला लागली. मी बघितलं. एक कागद काचेला लावला होता तिने: ‘वहिनी बोलावताहेत, लगेच.’ मी वाचला. आणि मी हात केला. थांब, म्हणून."

"मग?" दादांनी विचारलं.

"शेवटचं पान चाललं होतं. वाचून झालं, पण एका ठिकाणी श्वास नीट पडला नव्हता. मी परत वाचलं. मग बाहेरून मोटार गेली, तिचा आवाज आला. परत वाचलं. मला वाटलं, वहिनी आहे. वहिनी थांबेल. तिसऱ्यांदा मनासारखं झालं तेव्हा चार वाजले होते. मी इथे आलो तेव्हा ताई तिचे डोळे मिटत होती."

"आणि मी विचारलं, इतका उशीर का रे," ताई भिंतीकडे बघूनच म्हणाली.

"आणि मी म्हणालो, निरोप उशिरा मिळाला."

ताई वळली. पण भावाकडे नाही. दाराजवळच्या स्टुलाकडे वळली.

"अगं, आणि मी अकरा वर्षं तुला..." अकरा वर्षं तिने या बाईच्या हातचं पाणी घेताना तोंड वाकडं केलं होतं. घरातल्या प्रत्येक आजारपणात निरोप दुसऱ्याकडून पाठवला होता, आणि वर ऐकवलंही होतं, हिच्याकडे देऊ नका, हिच्याकडे निरोप वेळेवर पोचत नाही. "तू बोलली का नाहीस गं?"

"मंडळीला पाळकाची बायको हवी असते," ती म्हणाली. "तक्रार करणारी बाई नको असते. आधी वाटलं, ते आज सांगतील, उद्या सांगतील. मग सवय झाली." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "काचेवर मारून मारून हात सुजला होता माझा. दफनाच्या दिवशी तो पदराखाली लपवून उभी होते."

पाळकाला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून, एका ताटात जेवून, त्याला हे माहीत नव्हतं. त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं, आणि जायला वाट तिच्या स्टुलाजवळूनच होती.

"मला माहीत होतं," दादा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"फोनवर धाकटीचा आवाज ऐकला होता मी. पावलं ऐकू आली होती तिची, फोन तसाच टाकून पळाली होती. ही निरोप उशिरा देणारी बाई नाही. त्याने ते वाक्य उच्चारलं तेव्हाच मला कळलं."

"मग तुम्ही तरी सांगायचंत, दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज या घरात इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. "त्यांनी नाही सांगितलं, ते त्यांचं. तुम्ही का गप्प बसलात? तुमच्या घरात मी चोरासारखी बसत होते!"

दादा सैल कॉलरला बोटं लावत राहिले. "मला त्याच्या तोंडून यायला हवं होतं," शेवटी ते म्हणाले. "त्याला शिक्षा देत होतो, आणि ती तुला लागत होती. दिसत होतं मला. चुकलं माझं, पोरी."

मास्तर मान खाली घालून बसला होता. आत्ता पाच मिनिटांपूर्वी आपण काय बोललो, ते त्याला छळत असावं.

"त्या दिवशी कसला कार्यक्रम होता?" दादांनी पाळकाला विचारलं. आता आवाजात राग नव्हता.

पाळकाने आठवून बघितलं. पान आठवलं, त्यावरची शाईची खूण आठवली, कुठे श्वास अडला ते आठवलं, बाहेरून गेलेल्या मोटारीचा आवाज आठवला. विषय आठवेना. ज्याच्यासाठी तो थांबला होता, तीनदा वाचून ज्याचं त्याने सोनं केलं होतं, ते काय होतं, ते पार पुसून गेलं होतं.

"नाही आठवत, दादा."

"मलाही नाही. ऐकला होता मी. दर रविवारी ऐकतो. तुझा एकही चुकवला नाही." दादांची नजर दाराकडे गेली. "ती पडल्या पडल्या दाराकडे बघत होती. आला का, आला का, तीनदा विचारलं तिने. मी परत फोन करायला उठलो, तर माझा हात धरला. म्हणाली, नका करू. आत दिवा लागला असेल. घाई केली की त्याला दम लागतो आणि मग आवाज नीट येत नाही."

पाळकाने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"आणि म्हणाली, उशिरा आला तर त्याला बोलू नका. मी रागावले नाही, सांगा. हे तुला सांगायचं होतं. तू दारातून आत आलास तेव्हा माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात तू ते बोललास, निरोप उशिरा मिळाला म्हणून, आणि मी तोंड मिटलं. म्हटलं, हा आधी खरं बोलू दे, मग देतो. एक दिवस, दोन दिवस, म्हणता म्हणता अकरा वर्षं. परवा इस्पितळात ते तसंच माझ्याबरोबर जात होतं."

पाळक रडला. रेडिओवर त्याचा कंठ दाटून येई तेव्हा ऐकणाऱ्यांना ते छान वाटायचं. हे रडणं तसं नव्हतं; नाक वाहत होतं, घशातून वेडावाकडा आवाज येत होता, आणि त्याच्याकडे रुमालही नव्हता. बायकोने उठून त्याला आपला पदर दिला नाही. ताईने टेबलावरचं फडकं आणून दिलं.

"दादा, पुढच्या रविवारी मी सगळं सांगतो," तो म्हणाला. "रेडिओवर. तुम्ही आहात हे सांगतो, ते वाक्य खोटं होतं हेही सांगतो. हिचं सांगतो, वहिनीचं..."

"नाही."

"लोकांना कळायला हवं, दादा."

"लोकांना मी जिवंत आहे एवढं कळव. बाकी तिने मला हात धरून सांगितलेलं आहे, ते अर्ध्या तासात बसवू नकोस. तुझा कार्यक्रम चांगला होईल, मला माहीत आहे. म्हणूनच नको." दादांनी श्वास घेतला. "तिचं तुला द्यायचं होतं, ते दिलं. माझं मागू नकोस. माझं मला अजून सापडलेलं नाही. आणि धाकटीचं काय ते तुझं तू घरी जाऊन बघ."

मग ते मास्तरला म्हणाले, "पानं घ्या. उशीर झाला."

टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या. ताईने धाकटीला स्टुलावरून उठवून आपल्या शेजारी बसवलं आणि तिचा हात टेबलाखाली धरून ठेवला. वाढून झालं, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. वडिलांच्या वेळेपासून या घरात जेवणाआधीची प्रार्थना घरात जो पाळक असेल त्याने करायची. वडील होते तोवर त्यांनी केली, त्यांच्यानंतर याने.

पाळकाने डोळे मिटले. अशा वेळेसाठी त्याच्याजवळ शब्दांची कधी वाण नव्हती. आजाऱ्यासाठीचे होते, बरं झालेल्यासाठीचे होते, पश्चात्तापाचे तर हवे तेवढे. त्याने एकेक उचलून पाहिला. प्रत्येकाला त्याचा तो आवाज चिकटलेला होता.

तो बोललाच नाही. रेडिओवर एवढी शांतता गेली असती तर केंद्रातले लोक धावत आले असते. इथे कुणीच हललं नाही. दादांचा श्वास घरघरत होता, ताई नाक ओढत होती, आपल्या बायकोची बांगडी टेबलाला लागल्याचं त्याने ऐकलं. सगळी होती, आणि तो त्यांच्यात होता. त्या दिवशी वहिनीला याहून जास्त काही नको होतं. चार शब्दही नकोत, प्रार्थनाही नको. पळत यायचं, दम लागलेला असताना तिच्या उशाशी बसायचं, आणि काही न बोलता बसून राहायचं. तेवढंच करायला तो गेला नव्हता.

कितीतरी वेळाने दादा म्हणाले, "आमेन. जेवा आता."